रेणूंचं सोवळं

प्रा. अच्युत खरवंडीकर यांनी आयुष्यात एकच क्रांती केली होती, आणि तीही स्वयंपाकघरात. लग्न होऊन वैजयंती घरात आली तेव्हा त्यांच्या आईचं सोवळं कडक होतं. महिन्याचे चार दिवस सुनेनं मागच्या खोलीत चटईवर बसायचं, पाणी वरून ओतून घ्यायचं, वाळत घातलेल्या सोवळ्याकडे नुसतं बघितलं तरी ओरडा खायचा. अच्युतरावांनी पहिल्याच महिन्यात वैजयंतीचा हात धरून तिला थेट ओट्यापाशी नेऊन उभं केलं आणि आईला म्हणाले, स्पर्शानं पदार्थ बाटतो हे मला कोणीतरी प्रयोगशाळेत दाखवून द्यावं. आईनं अन्नपाणी सोडलं. ही गोष्ट अच्युतराव पुढं आयुष्यभर व्याख्यानांतून सांगत आले, आणि दर व्याख्यानागणिक आईचा उपवास थोडा लांबत गेला. वैजयंती पहिल्या रांगेत बसून ऐकायची. तिला एवढंच आठवायचं, की हात धरण्याआधी त्यांनी तिला काही विचारलं नव्हतं. तिची पाठ दुखत होती आणि तिला त्या दिवशी खरं तर पडून राहायचं होतं.

प्रयोगशाळेनं उत्तर द्यायला वेळ घेतला. पण दिलं.

सोलापुरातल्या विवेकनगरात खरवंडीकरांचं घर होतं. ही वसाहत कॉलेजातल्या पुरोगामी प्राध्यापकांनी मिळून वसवलेली. तिच्या नियमावलीतच लिहिलं होतं की आवारात देऊळ होणार नाही. झालंही नाही, फक्त दर रविवारी सकाळी चर्चा होई, आणि तिला न येणाऱ्याकडे सगळे देवळात न येणाऱ्याकडे बघावं तसं बघत. अच्युतराव रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि वसाहतीचे अध्यक्ष झाले. त्याच सुमाराला वैजयंतीला हृदयविकाराचा झटका आला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट असती तर ती वाचली नसती. झटक्यात हृदयाच्या भिंतीचा एक तुकडा मरतो, तिथं नुसता व्रण उरतो, आणि जुन्या धोतरासारखी ती जागा विरत जाऊन एक दिवस फाटते. पण आता डॉक्टरांकडे 'हृद्बंध' नावाचं औषध होतं. दिसायला पाणी. त्यात प्रथिनांच्या अगदी तोकड्या साखळ्या पोहत असतात. सुईनं ते हृदयात सोडायचं आणि बाजूला व्हायचं; पुढचं सगळं रेणू आपलं आपण करतात. अच्युतरावांनी हे रविवारच्या चर्चेत छान समजावलं होतं. लग्नातली पंगत आठवा, ते म्हणाले. कोणी कोणाला जागा दाखवत नाही. पहिले चारजण ज्या पद्धतीनं बसतात, त्याच पद्धतीनं मागचे बसत जातात आणि बघता बघता मांडव भरतो. तसे हे रेणू एकाशेजारी एक बसतात, त्यांचे धागे होतात, धाग्यांची जाळी होते, आणि मांडवावर घेवड्याचा वेल चढावा तशा हृदयाच्या नव्या पेशी त्या जाळीवर चढतात. जाळी सैल असते. प्रत्येक ठोक्याबरोबर ताणते, पुन्हा आखडते. म्हणून तर हृदय चालतं.

वैजयंतीचं चाललं. ती घरी आली, भाजी निवडू लागली, अच्युतरावांच्या व्याख्यानांना पुन्हा पहिल्या रांगेत बसू लागली.

मग कुठल्याशा प्रयोगशाळेत कोणाकडून तरी तेच द्रावण जरा जास्त सावकाश थंड झालं, आणि रेणू वेगळेच बसले. मांडीला मांडी लावून, एकदम घट्ट. हे धागे कडक होते, हृदयाच्या काही उपयोगाचे नव्हते. पण ते दाबले की त्यांच्यातून वीज निघायची. त्यांच्या फरश्या झाल्या. रस्त्यावर घाला, वरून माणसं चालू द्या, गाड्या जाऊ द्या, दिवे लागतात. ना धूर, ना धरण. दोन-तीन वर्षांत शहरंच्या शहरं या फरश्यांनी मढवली गेली. विवेकनगरात अध्यक्षांनी स्वतः पुढाकार घेऊन त्या बसवून घेतल्या. उद्घाटनाला नारळ फोडला नाही, मॅग्नेशियमची फीत पेटवली. पहिलं पाऊल अच्युतरावांनी टाकलं आणि फाटकावरचा दिवा लागला. वैजयंतीनंही टाळ्या वाजवल्या.

याच सुमाराला काही रसायनशास्त्रज्ञ कुरकुरू लागले होते. त्यांचं म्हणणं असं, की सैल बैठक आणि घट्ट बैठक हे एकाच रेणूचे दोन अवतार आहेत आणि घट्ट बैठक जास्त टिकाऊ आहे. तिचा एक कण सैल जाळीला लागला, तर शेजारचे रेणू त्याचं बघून मांडी आवळतात, मग त्यांचे शेजारी, मग सगळी पंगत. उलटं कधी होत नाही. झिजलेल्या फरश्यांची धूळ हवेत आहे. ज्या कारखान्यात ती शिरते तिथं हृद्बंध पुन्हा बनत नाही, काही केलं तरी घट्टच बनतं. औषधांच्या बाबतीत असं मागच्या शतकातही घडलं होतं: नवं स्फटिकरूप जन्माला आलं आणि जुनं जगातून नाहीसं झालं. हे सगळं अच्युतरावांना ठाऊक असायला हवं होतं. त्यांनी ते शिकवलं होतं.

पण त्यांच्या कानांना त्यात फक्त आई ऐकू आली. एका कणाच्या स्पर्शानं अख्खा पदार्थ बाटतो म्हणे. त्यांनी स्थानिक वर्तमानपत्रात लेख लिहिला, 'रासायनिक सोवळे : नव्या पुरोहितांचा जुना धंदा'. लेख गाजला. रविवारच्या चर्चेत मोठ्यानं वाचला गेला.

मग हृद्बंध बाजारातून गेलं. ते बनवणारा शेवटचा कारखाना बंद पडला, आणि वैजयंतीच्या तपासणीच्या दिवशी डॉ. निंबर्गी बाईंनी अच्युतरावांना एकट्याला आत बोलावलं. शहरातल्या दोन रुग्णांची जाळी घट्ट झाली होती. भिंत लाकडासारखी कडक. दोघंही गेले. वैजयंतीची अजून सैल आहे, पण ती कधी वळेल हे नशिबावर आहे, असं बाई म्हणाल्या. नशीब हा शब्द चालणार नाही, असं अच्युतराव सवयीनं म्हणाले. बाईंनी त्या दोन हृदयांची छायाचित्रं समोर ठेवली. आणि एक मानलं पाहिजे, माणूस पुराव्याला मान देणारा होता. संध्याकाळपर्यंत विवेकनगरात सोवळं सुरू झालं.

खिडक्यांना ओल्या चादरी लागल्या. आत येणाऱ्यानं आधी मागच्या न्हाणीत डोक्यावरून आंघोळ करायची, आपले कपडे तिथंच टाकायचे आणि घरातले सुती कपडे घालायचे. हे कपडे छताजवळच्या वेळूवर वाळत, आणि ते काढताना हात लागू नये म्हणून अच्युतरावांनी एक काठी बनवून घेतली होती. वैजयंती पलंगावरून त्या काठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अगदी आईंच्या काठीसारखी आहे."

हे वेगळं आहे, अच्युतरावांनी तिला समजावलं. याला पुरावा आहे.

"त्यांच्याकडेही होता. पोथीत."

पहिली बंदी शकुंतला वाघमारेवर आली. तिच्या आधी दूधवाला, पेपरवाला, वसाहतीचे सभासद असे पुष्कळजण दारात येऊन जात होते. ते अच्युतरावांच्या ध्यानात आले नाहीत. शकुंतलाबाई आली. शहराबाहेर जुन्या दगडखाणीच्या कडेला खाणवस्ती आहे, तिथून ती वैजयंतीच्या सुनपणापासून स्वयंपाकाला येत होती. आमच्या घरी स्वयंपाकाला कोण आहे विचारा, असं अच्युतराव सभांमधून अभिमानानं म्हणत. एक-दोनदा तर त्यांनी तिला व्यासपीठावर बोलावून सत्कारही केला होता. आता त्यांनी तिला पायरीवरच थांबवलं आणि सांगितलं, की तुम्ही कुठून कुठून चालत येता, बाजारातून, गर्दीतून, कसलं काय अंगावर येईल सांगता येत नाही. काही दिवस तुम्ही येऊ नका.

शकुंतलाबाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सर, आमच्या आजीलाबी दारातच थांबवायचे बगा," ती म्हणाली. "पण तिला सभेत नेऊन दाखवायचे नाहीत."

डॉ. निंबर्गींनी तपासणीच्या पट्ट्या पाठवल्या तेव्हा अच्युतरावांनी तिला परत बोलावून घेतलं, म्हणजे तिच्यावरची बंदी पुराव्यानिशी ठरली असती. पट्टीवर फुंकर मारायची. घट्ट बैठकीचे कण असले तर पट्टी जांभळी होते. शकुंतलाबाईनं न्हाणीतून आल्यावर फुंकर मारली. पट्टी पांढरी राहिली. तुलनेसाठी अच्युतरावांनी दुसरी पट्टी घेऊन तिच्यावर स्वतः फुंकर मारली. ती वांग्यासारखी झाली.

नावडता निष्कर्ष आला की काय करायचं हे रसायनशास्त्राच्या माणसाला माहीत असतं. त्यांनी पट्टी सदोष ठरवली, दुसरी घेतली. मग आंघोळ करून तिसरी. हा रंग आंघोळीनं जाण्यातला नव्हता, तो श्वासात होता. रोज सकाळी फरश्यांच्या ज्या वाटेवरून ते फिरायला जात, जिचं उद्घाटन त्यांनीच केलं होतं, ती त्यांच्या फुप्फुसात जाऊन बसली होती. वसाहतीतल्या सगळ्यांचीच पट्टी जांभळी आली; झटक्यापासून फारशी बाहेर न पडणाऱ्या वैजयंतीची तेवढी अजून पांढरी. खाणवस्तीत मात्र एकही फरशी नव्हती, आणि शहरात दोन-चार तास येऊन गेल्यानं श्वास जांभळा होत नव्हता. चांगल्या वस्त्या आधी, मग मधल्या, मग बाकीच्या, असा महापालिकेचा क्रम होता, आणि बाकीच्यांपर्यंत यायच्या आत दरवेळी निवडणूक येई. खाणवस्तीतली माणसं दगडाची साधी धूळ खात होती. शास्त्राच्या हिशेबानं सोलापुरात तीच काय ती सोवळ्यातली.

त्या दिवसापासून शकुंतलाबाई आत गेली आणि अच्युतराव व्हरांड्यात आले. वैजयंतीच्या अंगाला हात लावायचा अधिकार आता घरात तिला एकटीलाच होता. ती तिचे केस विंचरायची, पाठ चोळून द्यायची. अच्युतरावांचं ताट ती उंबऱ्यावर ठेवून दोन पावलं मागं सरायची. दोघी आत हसताना ऐकू येत. का हसता म्हणून त्यांनी एकदा विचारलं, तर वैजयंती म्हणाली, काही नाही, चार दिवसांच्या गोष्टी निघाल्या होत्या.

पण चादरींनी हवा अडत नाही. वैजयंतीच्या पट्टीला फिकट रंग यायला लागला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिथं फरश्या नाहीत तिथं हलवा. अच्युतरावांनी गाव न् गाव पालथं घातलं. ग्रामपंचायतीसुद्धा झगमगत होत्या. शेवटी शकुंतलाबाईनंच आपल्या शेजारची खोली रिकामी करून दिली आणि वैजयंती खाणवस्तीत राहायला गेली. तिची पट्टी पुन्हा पांढरी झाली. अच्युतरावांना अर्थात आत जायला बंदी. ते खाणीच्या अलीकडे, चिंचेखाली उभे राहून फोनवर बोलत.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. हृद्बंधावर जगणारी शहरातली आणखी माणसं, झाडून सगळी चांगल्या घरांतली, एकेक करून वस्तीत आली. ज्या गल्लीत रिक्षावाले शिरत नसत तिथं शहरातली बडी कुटुंबं मुक्काम मागत हिंडू लागली. वस्तीच्या निर्मळपणावर वर्तमानपत्रांत लेख आले. एक अच्युतरावांचा होता.

अडचण एकच होती. वस्तीला वीज नव्हती. म्हणजे होती, पण फरश्या आल्यापासून जुन्या तारांची वीज घेणारं गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. त्यामुळे कंपनी खाणवस्तीला सकाळी जराशी आणि दिवेलागणीला जराशी सोडे; भर दुपारी काही नाही. दुपारी तिथले पत्रे चुलीवरच्या तव्यासारखे तापत. वस्तीतल्या बायांनी फरश्यांसाठी महापालिकेच्या किती खेपा घातल्या होत्या ते त्यांचं त्यांनाच माहीत, आणि शकुंतलाबाई त्यात पुढं होती. आता, इतकी मोठी माणसं तिथं राहतात म्हटल्यावर, प्रशासनाचं लक्ष गेलं आणि फरश्या मंजूर झाल्या. कोणाची हरकत असेल तर सुनावणीला या, अशी सूचना लागली.

अच्युतरावांनी हरकत घेतली.

फोनवर त्यांनी वैजयंतीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, घेऊ नका. या लोकांच्या घरात मी राहते. अच्युतराव म्हणाले, तुझ्यासाठीच घेतोय.

"मला विचारलंत?"

"यात विचारायचं काय? जिवाचा प्रश्न आहे."

सुनावणीला सभागृह भरलं होतं. शकुंतलाबाई थोडकं बोलली. पत्रा तापतो, लेकरं झोपत नाहीत, लाईट पायजे, एवढंच. मग अच्युतराव उठले. पन्नाससाठ व्याख्यानांचा सराव होता. त्या दिवशी ते त्या सगळ्यांहून चांगलं बोलले. खाणवस्तीची निर्मळता ही साऱ्या शहराची ठेव आहे, ते म्हणाले. ती जपणं हा तिथल्या रहिवाशांचा मान आहे, आणि मानाबरोबर थोडं बंधन येतंच. बाहेरच्या जगाचा मोह त्यांनी धरू नये. प्रत्येकाची आपली जागा असते, आपापल्या जागी राहिलं तरच रचना टिकते, हे निसर्गच आपल्याला सांगतो, रेणूसुद्धा तेच सांगतात. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी 'परंपरा' हा शब्द नाक न मुरडता वापरला. टाळ्या पडल्या. विवेकनगरचे सगळे आले होते. मांडणी पुराव्यावर आधारलेली होती यावर त्यांचं एकमत झालं.

ठराव झाला. खाणवस्ती 'संरक्षित निर्मळ क्षेत्र' जाहीर झाली. तिथं फरशी बसवायची नाही, आणायची नाही, ठेवायची नाही. कामाला बाहेर जाणाऱ्यांनी परतताना चौकीवर आंघोळ करून, तपासून मगच आत यायचं. नियमाला धार हवी असं सुचवून अच्युतरावांनी आणखी एक कलम घालून घेतलं: ज्याच्या घरात फरशी सापडेल त्याला वस्तीबाहेर काढावं, मग तो जुना रहिवासी असो की आलेला रुग्ण. शास्त्राला वशिला चालत नाही, हे त्यांचं वाक्य दुसऱ्या दिवशी छापून आलं. तक्रारीसाठी एक फोन नंबरही सुरू करण्यात आला.

जिन्यात शकुंतलाबाई भेटली. अच्युतराव म्हणाले, तुमच्याविरुद्ध काही नाही हो, वैजयंतीचा जीव...

"कळतंय की, सर. बाईंना मी जपतेच. त्या पाहुण्या हायेत माझ्या." ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "तुमचं रांधायचं तेवढं मात्र माझ्याच्यानं व्हायचं नाही आता."

उन्हाळा चढला. अच्युतराव डब्यावर जेवू लागले. दुपारचं जेवण झालं की ते थंड खोलीत आरामखुर्चीत पडत आणि वैजयंतीला फोन करत. तिचा आवाज दिवसेंदिवस मऊ पडत चालला होता. रात्री पत्रा गार व्हायला पहाट होते, दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो, पलीकडच्या घरातलं बाळ उलट्या करतंय, असं ती सांगे. पट्टी कशी आहे, ते विचारत. पांढरी, ती म्हणे. मग बाकीचं सोसायला हवं, असं ते म्हणत.

त्या दिवशी मात्र तिचा आवाज टवटवीत होता. डुलकी लागली होती, ती म्हणाली, इतकी छान, की तुमचा फोन वाजला तेव्हा कुठं आहे तेच कळेना. वारा सुटलाय ना.

अच्युतरावांना बरं वाटलं. विवेकनगरात पान हलत नव्हतं. पण खाण पश्चिमेला, तिकडं उघडं माळरान, तेव्हा वारा सुटला असेल तर तिकडंच सुटायचा, असा त्यांनी विचार केला. "खिडकी कुठल्या अंगाला आहे तुझ्या खोलीला?" त्यांनी विचारलं. "पश्चिमेच्या?"

"खिडकी नाहीये या खोलीला."

फोनमधून एक आवाज येत होता. मघापासून येत होता. खड्, खड्, खड्. जुना पंखा फिरतो तसा. भर दुपारी.

"कुणी लावलाय?" त्यांनी विचारलं.

"मी लावायला सांगितलाय. फरशीसुद्धा माझ्याच उंबऱ्याखाली घाला म्हटलं वस्तीतल्या बायांना, तुमच्या घरात नको, तुम्हाला बाहेर काढतील. शकुंतला नाहीच म्हणत होती. तिला माझी शपथ घातली." ती हसली. "गल्लीतली पोरं येऊन नाचतात उंबऱ्यावर. तीन खोल्यांना वारा पुरतो."

"वैजयंती, तुझं हृदय आहे ते."

"हो ना. माझंच आहे," ती म्हणाली. "ते बाळ झोपलंय आत्ता. हळू बोला."

तिनं फोन ठेवला. अच्युतरावांनी तो तक्रारीचा नंबर लावला. खाणवस्तीत फरशी आहे, त्यांनी सांगितलं, आजच्या आज उचलून न्यायला हवी, एका रुग्णाच्या जिवाला धोका आहे. पलीकडच्या मुलीनं सगळं नम्रपणे उतरवून घेतलं. मग विचारलं, सर, कोणाच्या घरात आहे? म्हणजे नाव लागेल. बाहेर काढायचं असतं ना.

नियम त्यांना पाठ होता. त्यांनीच केला होता. बाहेर म्हणजे कुठं, हेही त्यांना पक्कं माहीत होतं. बाहेर सगळीकडे फरश्याच होत्या.

"वाघमारे," अच्युतराव म्हणाले. "शकुंतला वाघमारे."